परक्या यात्रेंत

सन २०२४ च्या नोव्हेंबरअखेरीस प्रस्तुत लेखक सावंतवाडीहून जुन्या गोव्यास कॅथलिक यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर पायीं गेला होता, ही वार्ता या सदराच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या कानीं गेलेली दिसते. तेव्हांपासून जीं पत्रें आलीं त्यांतील निम्म्याहून अधिक पत्रांत एकच प्रश्न आहे. फरक आहे तो केवळ स्वराचा. कित्येकांनीं निर्मळ कुतूहलानें विचारिलें आहे, "गुरुजी, आपण त्या यात्रेंत कसे?" आणि कित्येकांनीं तेंच वाक्य भुंवया वर चढवून लिहिलें आहे. दुसऱ्या वर्गांत माझे थोरले बंधू मोडतात. प्रत्येकास निराळें उत्तर लिहिण्याइतका उत्साह या वयांत उरलेला नाहीं. शिवाय प्रश्न असा आहे कीं, त्याचें उत्तर चार ओळींत दिल्यास तें खोटें होण्याचा संभव फार. म्हणून या महिन्याचें सदर त्याच कामीं लावीत आहें.

आमच्या शाळेंत एक ख्रिस्ती सहकारी होते. कागदोपत्रीं ते शारीरिक शिक्षणाचे शिक्षक. मुलांच्या तोंडीं मात्र ड्रिलमास्तर. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेला, संस्कृत वडिलांपाशीं बसून शिकलेला, आणि शाळेंत व्याकरणाचा छळवादी म्हणून प्रसिद्ध, ते मैदानावरचे. तरी २७ वर्षें आम्हीं एकाच पिंपळाखालीं मधल्या सुटीचा चहा घेतला. दरवर्षीं नोव्हेंबर संपत आला कीं ते चार दिवसांची किरकोळ रजा टाकीत आणि जुन्या गोव्यास सायबाच्या फेस्ताला पायीं जात. सायब म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर. गोव्याकडचे ख्रिस्ती त्यांस 'गोंयचो सायब' म्हणतात, म्हणजे गोव्याचे धनीच. परत आले म्हणजे ड्रिलमास्तर माझ्यासाठीं पुडाभर खाजें आणीत. मी तें आवडीनें खाई आणि त्या यात्रेविषयीं एक अक्षर विचारीत नसें. तेही आपण होऊन कांहीं सांगत नसत. आमच्या स्नेहाच्या घरांत ही एक खोली कुलुपबंद होती, आणि तिची किल्ली शोधण्याची दोघांपैकीं कोणासच घाई नव्हती.

सायबाचा देह साधारणतः दर दहा वर्षांनीं जवळून दर्शनासाठीं खालीं आणितात. मागचीं दोन दर्शनें ड्रिलमास्तरांना घडलीं होतीं. २०२४ च्या दर्शनाकडे ते डोळे लावून बसले होते. त्याच वर्षींच्या आषाढांत ते गेले. जाण्याच्या दहा-बारा दिवस आधीं त्यांनीं मला बोलावून घेतलें आणि उशाखालची एक मेणबत्ती काढून माझ्या हातीं दिली. ती सायबाच्या पायांपर्यंत पोंचवावी, आणि गाडीनें नव्हे, पायीं न्यावी, एवढेंच मागणें. दोन्ही मुलगे आखाती देशांत. त्यांची रजा नाताळची. "वहिनी जातीलच कीं," असें मीं म्हटलें. तें खरें, पण वहिनींचे गुडघे वाटेंत बसले तर? मी सकाळीं चार मैल फिरणारा माणूस, हें त्यांस ठाऊक होतें. ड्रिलमास्तरांनीं शेवटपर्यंत माणसें पायांवरूनच निवडलीं!

मीं होकार दिला. अशा वेळीं होकार देणें सोपें असतें. त्याचें वजन किती, तें दादांचें पत्र आलें तेव्हां कळलें.

आमचें कुलदैवत श्रीमंगेश. दादांच्या पत्राचा आशय असा कीं, ज्यांच्या भयानें आपल्या वाडवडिलांनीं देव उचलून नदीपार नेला, त्यांच्याच साधूपुढें मेणबत्ती लावावयास आपण पायीं जावें काय? हा मुद्दा हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. श्रीमंगेशाचें मूळ स्थान झुआरीच्या कांठीं कुशस्थळीस, म्हणजे हल्लींच्या कुठ्ठाळीस होतें. १५६० सालीं लिंग तेथून हलवून नदीपलीकडे अंत्रुज महालांत प्रियोळास आणिलें. तो मुलूख त्या वेळीं आदिलशाहीचा. म्हणजे आमच्या देवास आसरा मिळाला तो मुसलमान सुलतानाच्या राज्यांत. दादा ही कथा सांगतात तेव्हां एवढा भाग गाळतात, पण तें असो. पुढें १५६७ त साष्टींतील देवळें सरसकट पाडण्यांत आलीं. आणि १५६० हेंच साल गोव्यांत इन्क्विझिशनचें, म्हणजे धर्मचौकशीचें न्यायासन बसण्याचें.

झेवियर हे त्यापूर्वींच, ३ डिसेंबर १५५२ रोजीं, चीनच्या किनाऱ्यालगतच्या एका बेटावर वारले होते. सबब त्या न्यायासनाच्या कृत्यांचा दोष त्यांजकडे येत नाहीं, असें त्यांचे भक्त म्हणतात. तारखांच्या हिशेबानें हें बरोबर आहे. परंतु गोव्यांत इन्क्विझिशन धाडावें अशी मागणी १५४६ च्या मे महिन्यांत अंबोनाहून पोर्तुगालच्या राजास पत्र लिहून त्यांनींच केली होती, हेंही तितकेंच बरोबर. १५४४ च्या जानेवारींत कोचीनहून त्यांनीं जें पत्र लिहिलें त्यांतील ब्राह्मणांविषयींचा मजकूर वाचून आपल्यापैकीं कोणास त्यांचें प्रेम यावें, अशी अपेक्षा कोणी करूं नये. मला तें आलेलें नाहीं. याच पुरुषाविषयींची दुसरी हकीकत अशी कीं, १५४२ च्या मे महिन्यांत गोव्यास उतरल्यावर तो रुग्णालयांत राहिला, रोग्यांची व कैद्यांची सेवा करीत हिंडला, महारोग्यांकडे जाऊं लागला, आणि हातांत घंटा घेऊन रस्त्यारस्त्यांतून मुलें व गुलाम गोळा करून त्यांस धर्मपाठ शिकवूं लागला. उभा जन्म घंटेच्या ठोक्यावर काढलेल्या माझ्यासारख्या मास्तरास ती घंटा ऐकूं येते. पत्रही दिसतें आणि घंटाही ऐकूं येते. एकीनें दुसऱ्याचा निकाल लागत नाहीं.

दादांस मीं एवढेंच कळविलें कीं, मी साधूच्या दर्शनास जात नसून मित्राचें सामान पोंचवावयास जात आहें. हें उत्तर त्यांस पटलें नाहीं. खरें सांगावयाचें तर निघेपर्यंत माझेंही त्यानें पुरतें समाधान झालें नव्हतें.

३० नोव्हेंबर, शनिवार. पहांटे चारास आम्ही निघालों. जथ्यांत दोनशेंच्या आसपास माणसें. अग्रभागीं झेंडूची माळ घातलेला लांकडी क्रूस, मागें बायका, मग पुरुष, आणि सर्वांच्या पाठीशीं सामानाचा टेम्पो. पांच-सहा जण अनवाणी. एका तरुणाच्या पाठीवर ध्वनिक्षेपक बांधलेला. सावंतवाडीहून बांदा, पत्रादेवी, पेडणें, म्हापसें, पणजी आणि रायबंदरावरून जुनें गोवें, असा हा साठ-पासष्ट किलोमीटरांचा रस्ता. वाटेंत तीन नद्या: बांद्यास तेरेखोल, कोलवाळेस शापोरा आणि पणजीस मांडवी. 'तीर्थ' या शब्दाचा मूळ धातु 'तॄ', म्हणजे तरून जाणें. तीर्थ म्हणजे मुळांत नदी ओलांडण्याची जागा, उतार. हा अर्थ मीं वर्गांत कमीत कमी तीस वेळां सांगितला असेल. पायांना तो बांद्याच्या पुलावर उजाडतांना कळला.

मीं पंढरीची वारी दोनदां केली आहे. त्यामुळें मन आपोआप तुलना करूं लागलें. वारींत देह मोकळा सुटतो. टाळ, मृदंग, फुगड्या, धांवा, आणि मनुष्य स्वतःस विसरतो. येथें तसें नाहीं. येथें चालणें हेंच तप, आणि तें आंतल्या आंत. त्यांच्या जपमाळेस ते रुझार म्हणतात. आपल्या १०८ मण्यांच्या माळेसारखी ती एकाची व एकट्याची नव्हे. दहा-दहा मण्यांचे पांच गट असतात. मेरीमातेच्या प्रार्थनेचें पूर्वार्ध एकानें म्हणावयाचें आणि उत्तरार्ध सर्व जथ्यानें. प्रत्येक गटाबरोबर येशूच्या वा मेरीच्या चरित्रांतील एक प्रसंग मनांत धरावयाचा. आणि कोणत्या वारीं कोणते प्रसंग, हेंही ठरलेलें. शनिवारीं आनंदाचे, रविवारीं वैभवाचे, मंगळवारीं दुःखाचे. पहिल्या तासांत मला त्या पुनरुक्तीचा कंटाळा आला. दुसऱ्या तासांत माझ्या ध्यानांत आलें कीं, पूर्वार्ध संपतांना डावा पाय पडतो व उत्तरार्ध संपतांना उजवा, आणि दोनशें माणसांचा श्वास एका मापानें चालला आहे. ड्रिलमास्तरांचें ड्रिल कोठून आलें, हेंही तेव्हां समजलें.

दर दिवशीं एक तास मौनाचा. कोणीं कोणाशीं बोलावयाचें नाहीं, प्रार्थनासुद्धां मोठ्यानें म्हणावयाची नाहीं. ही चाल मला फार आवडली. आपल्या यात्रांत ती असती तर बरें झालें असतें, असें लिहिण्याचा मोह होतो. पण वारकऱ्यास गप्प बसविण्याची कल्पना पंढरीनाथासच रुचावयाची नाहीं.

पत्रादेवीस, गोव्याच्या सरहद्दीवर, हुतात्म्यांचें स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजीं निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनीं येथें गोळ्या झाडल्या. जथा आपण होऊन थांबला. क्रूस धरणाऱ्यानें तो क्षणभर खालीं टेंकविला, आणि मग सर्व पुढें निघाले. कोणी भाषण केलें नाहीं.

आतां एक लहानशी गोष्ट, जी मला या लेखांत सर्वांत अधिक सांगावयाची आहे. शनिवारीं दुपारीं जेवणास बसलों तेव्हां टेम्पोंतून एक नवें कोरें पातेलें निघालें. त्यावरील कागदी चिठ्ठीही निघालेली नव्हती. त्यांत माझ्यासाठीं वेगळी पेज शिजविली होती, आणि ताट-वाटीही नवीन. मी कांहीं बोललों नव्हतों. घरांत आंघोळीशिवाय चुलीजवळ न जाण्याचा आमचा रिवाज वहिनींनीं सत्तावीस वर्षांत लांबून पाहिला होता, तेवढ्यावरून त्यांनीं हा बंदोबस्त केला. लहानपणीं आमच्या घरीं गोष्ट सांगत कीं, पाद्री विहिरींत पावाचा तुकडा टाकीत आणि तें पाणी प्यालेल्या अख्ख्या गांवास बाटलेला ठरवीत. ती गोष्ट ऐकत वाढलेला मनुष्य ख्रिस्ती बायकांनीं माझें सोंवळें राखण्यासाठीं विकत घेतलेल्या पातेल्यांतली पेज जेवीत होता. संध्याकाळीं मीं वहिनींस म्हटलें कीं, उद्यांपासून मोठ्या हंड्यांतलें वाढा. त्यांनीं मान हलविली. पण पातेलें शेवटपर्यंत वेगळेंच राहिलें. म्हणाल्या, "तुमच्यासाठीं नाय, गुरुजी. आमच्या समाधानासाठीं." त्यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

पेडण्याकडच्या मुक्कामांत जथ्याबरोबरच्या तरुण पाद्रींशीं ओळख झाली. सिंधुदुर्गाचा स्वतंत्र धर्मप्रांत २००५ सालीं झाला. त्यापूर्वीं हा मुलूख पुण्याच्या धर्मप्रांतांत होता. हे पाद्री मिस्स मराठींतही म्हणतात. मी संस्कृतचा शिक्षक, असें कळल्यावर त्यांनीं फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाची गोष्ट काढली, आणि रात्रीं दहापर्यंत आम्ही त्यांतच होतों. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ त गोव्यास आला. त्यानें सुमारें अकरा हजार ओव्यांचें पुराण मराठींत रचिलें व १६१६ त रायतूर येथें रोमन लिपींत छापिलें. त्या पहिल्या छापाची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. आपल्याकडे तें देवनागरींत सुलभपणें वाचावयास मिळालें, तें पुण्याच्या शांताराम बंडेलूंच्या १९५६ च्या आवृत्तीमुळें. झेवियरच्याच संघांतला हा मनुष्य. परंतु यानें आमच्या भाषेपुढें मान लवविली, ओवीस हात लावण्यापूर्वीं तिचें वळण शिकला, आणि ब्राह्मणांस कळेल अशा शब्दांत आपल्या देवाची कथा सांगितली. उद्देश धर्मांतराचाच होता, त्याविषयीं भ्रम नको. पण शिकवावयास आलेला मनुष्य आधीं शिकावयास बसला, हें मास्तराच्या नजरेंतून सुटत नाहीं.

पुढची हकीकत मीं पाद्रींस सांगितली; त्यांस ती निम्मी ठाऊक होती. १६८३ च्या नोव्हेंबरांत संभाजीमहाराजांनीं मांडवींतलें जुवें बेट घेतलें आणि गोवें शहर हातचें जाणार अशी वेळ आली. तेव्हां व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यानें झेवियरची शवपेटी उघडवून आपला अधिकारदंड त्यांपुढें ठेविला व शहर सांभाळण्याची विनंति केली. इतक्यांत मोंगलांची फौज कोंकणांत उतरल्यामुळें महाराजांस परतावें लागलें, आणि श्रेय सायबास मिळालें. औरंगजेबाच्या फौजेचें पुण्य कोणाच्या खातीं जमा झालें पहा! याच व्हाइसरॉयनें लगोलग १६८४ त हुकूम काढला कीं, देशी लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावें. ज्या भाषेंत स्टीफन्सनें पुराण गाइलें तिच्या सख्ख्या बहिणीवर हा घाला. आणि १७३६ त इन्क्विझिशननें तर ख्रिस्ती झालेल्यांच्या घरांतील तुळस, लग्नांतल्या ओव्या, धोतर, विड्याचें देणें-घेणें, सर्वांवरच बंदी घातली. पाद्री थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्या आजीच्या लग्नांत ओव्या होत्या." म्हणजे हुकूम हरला.

रविवारीं कोलवाळच्या पुलावर वहिनींचे गुडघे खरोखरीच बसले. आम्ही दोघें कठड्याशीं टेंकून राहिलों. जथा पुढें गेला. खालीं शापोरा भरतीला लागलेली. वहिनींनीं नदीपलीकडे बार्देशाकडे हात केला आणि म्हणाल्या, "गुरुजी, आमचे जुने मनीस ह्याच वाटेन पळान इले."

मीं विचारिलें, "कोणाच्या भयानें?"

"पाद्रींच्या!" असें म्हणून त्या हंसल्या. त्यांच्या सासरच्यांचें मूळ घर बार्देशांत. घरांत पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत कीं, परसांत तुळस राखिली म्हणून कोणी चहाडी केली, आणि रातोरात कुटुंब सावंतांच्या मुलुखांत निघून आलें. धर्म सोडला नाहीं. वाडींत येऊनही ख्रिस्तीच राहिले, आणि तिकडे सायब सुटला म्हणून दरवर्षीं त्याच वाटेनें पायीं जाण्याचा नेम धरला.

सावंतवाडीच्या ख्रिस्ती घरांत अशा कथा पुष्कळ ऐकूं येतात, आणि इतिहासास त्या धरून आहेत. इन्क्विझिशनपुढें १५६१ ते १७७४ या काळांत सोळा हजारांहून अधिक माणसें उभीं केलीं गेलीं. त्या न्यायासनाचा मुख्य अधिकार बाप्तिस्मा घेतलेल्यांवर चाले. म्हणून त्याच्या तडाख्यांत प्रामुख्यानें सांपडले ते नवे ख्रिस्ती. आम्हीं देव घेऊन नदी ओलांडली, पलीकडे देऊळ बांधलें, आणि आपल्या दुःखाची बखर आपणच लिहिली. जे मागें राहिले, ज्यांनीं भयानें वा लोभानें वा खऱ्या श्रद्धेनें धर्म बदलला, त्यांस आमच्या बखरींत 'बाटगे' एवढा एकच शब्द मिळाला. त्यांच्यामागेंही तेंच न्यायासन लागलें, आणि आमच्यापेक्षां जास्त पिढ्या लागलें, हें आमच्या घरांत मला कोणीं सांगितलें नव्हतें. १७७४ त तें बंद झालें, चार वर्षांनीं पुन्हां उघडलें, आणि कायमचें उठलें तें १८१२ त.

अर्ध्या तासानें वहिनी उठल्या. उरलेला रस्ता त्यांनीं टेम्पोंत बसण्यास साफ नकार देऊन पुरा केला, हें येथें नमूद करणें न्याय्य आहे. मेणबत्तीसाठीं माझी गरज अशी पडलीच नाहीं.

म्हापशास मिलाग्रिस सायबिणीचें स्थान आहे. हिंदु लोक तिला शिरगांवच्या लईराईची बहीण मानितात आणि तिच्या फेस्तास तेल घेऊन जातात. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे; पुढें कधीं तरी.

रायबंदरापासून पुढें रस्ता उरलाच नाहीं, नुसतीं माणसें. कारवारकडून, बेळगांवाकडून, गोव्याच्या गांवोगांवींहून आलेले लोंढे एकमेकांत मिसळले. सोमवारीं रात्रीं जुन्या गोव्यांत पोंचलों. सायबाचा देह एरवीं बॉम जेझूच्या मंदिरांत उंच संगमरवरी चौथऱ्यावर चांदीच्या पेटींत असतो. तो चौथरा टस्कनीच्या ड्यूकची भेट, १६९८ सालीं बसविलेला, आणि चांदीचें काम मात्र गोव्याच्याच सोनारांचें. त्या खेपेस २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ पर्यंत देह समोरच्या सें कॅथेड्रलांत ठेविला होता. रांग अडीच तासांची. पेटविलेली मेणबत्ती आंत नेण्यास मनाई. ती बाहेर लावावयाची. 'पायांपर्यंत' हा शब्द ड्रिलमास्तरांनीं विचार करून वापरला होता कीं सहज, तें विचारावयास ते नव्हते. मीं शब्द धरला. मेणबत्ती न पेटवितां सदऱ्याच्या खिशांत घातली आणि रांगेंत उभा राहिलों.

पेटी कांचेची आहे. देह अगदीं लहान, काळवंडलेला, जरीच्या वस्त्रांत. उजवा बाहु नाहीं. १६१४ त तो रोमास नेला. चेहऱ्याकडे मला पाहवलें नाहीं. पाय दिसले. दहा वर्षांत गोवें, केरळचा किनारा, मलाका, मोलुकास, जपान आणि चीनचें तोंड, इतका प्रवास केलेले ते पाय. आणि माझ्या स्वतःच्या पायांस त्या वेळीं चार फोड आलेले. मीं खिशावर हात ठेवून मेणबत्ती त्या बाजूस वळविली. तेवढ्यांत स्वयंसेवकानें पुढें सरका म्हटलें. वहिनींनीं कांचेस बोटें लावून कपाळास लावलीं. मीं हात जोडले नाहींत. दादांसाठीं जोडले नाहींत असें नव्हे, आणि न जोडण्यांत कांहीं शौर्य वाटलें असेंही नव्हे. ज्यानें तें पत्र लिहिलें त्यास माझ्या कुळाकडून नमस्कार जाऊं नये असें मला वाटतें. आणि ज्याचें सामान मीं आणलें होतें त्याचें काम नमस्कारावांचून पुरें झालें होतें.

बाहेर येऊन मेणबत्ती वहिनींनीं लावली. शेजारीं विक्रेते मेणाचे हात, पाय, डोळे विकीत होते. ज्याचा जो अवयव दुखतो तो तेथें वाहतात. वहिनींनीं गुडघा घेतला नाहीं. "चालत इलंय नी, आतां कित्याक?" असें म्हणाल्या. मंगळवारीं सकाळीं मोठ्या मांडवांत फेस्ताची मिस्स झाली. प्रसादाची ती पातळ भाकर बाप्तिस्मा घेतलेल्या कॅथलिकांसच देतात. पाद्रींनीं मला तें आदल्या रात्रींच सौजन्यानें सांगून ठेविलें होतें, म्हणजे ऐन वेळीं मी संकोचूं नये. प्रत्येक घराचें एक सोंवळें असतें; तें आधीं सांगितलें म्हणजे बोंचत नाहीं.

जथा गाड्यांनीं परत निघाला. मला बाणस्तारीच्या बाजूनें मंगेशीस जावयाचें होतें. वहिनी म्हणाल्या, मीही येतें. देवळांत त्यांनीं चपला काढल्या, पाय धुतले, दीपमाळेकडे मान वर करून बराच वेळ पाहिलें, आणि सभामंडपाच्या कडेस उभ्या राहिल्या. मीं अभिषेकाची पावती केली. देव मूळचा कोठला, असें त्यांनीं हलकेच विचारिलें. मीं कुठ्ठाळीचें नांव सांगितलें. "म्हणजे ह्यो पण पळान इलेलो," असें त्या म्हणाल्या. त्यांनीं हात जोडले नाहींत, आणि मींही त्यांस तसें सुचविलें नाहीं.

बस साडेतीनची होती. देवळाबाहेर दोघांनीं खाजें घेतलें. मीं त्यांतला एक पुडा घरीं आल्यावर दादांस पोस्टानें धाडला, आणि सोबत वर लिहिलेली सर्व हकीकत. आठ दिवसांनीं पोंच आली. खाजें वाटेंत मऊ पडलें, पुढच्या खेपेस डब्यांतून पाठवावें, एवढेंच तींत होतें.